आसाचे वंगण आणि टायरची हवा

वाहन हाकणारा एक आणि त्याची निगा राखणारा दुसरा, ही विभागणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की, मोटारीचे बॉनेट उघडून तेलाची पट्टी पाहणारा गृहस्थ शेजाऱ्यांना काहीसा विक्षिप्त वाटू लागतो, आणि टायरमधील हवा स्वतः मोजणाऱ्या माणसाकडे पेट्रोल पंपावरील पोरगाही संशयाने पाहतो. परंतु वर्धा जिल्ह्यातील रस्त्यांचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला असता असे आढळून येते की, ही विभागणी येथे फार तर चाळीस वर्षांची आहे. तत्पूर्वी जो कासरा धरी तोच आसाला वंगण घाली, आणि जो सुकाणूचक्र फिरवी तोच पहाटे उठून रेडिएटरमध्ये पाणी ओती. या जुन्या रिवाजाचा वृत्तांत द्यावा, आणि तो मोडल्याने काय गमावले हेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जिल्हा तसा वयाने लहान. 1862 साली नागपूरपासून तोडून तो स्वतंत्र करण्यात आला, त्याची कचेरी आरंभी पुलगावनजीकच्या कवठ्यास होती, आणि 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर आजचे वर्धा शहर आखण्यात येऊन ती तेथे हलविण्यात आली. लगोलग 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग नागपुरास पोहोचला. तोवर या मुलखाचा कापूस वंजाऱ्यांच्या लमाणी बैलांच्या पाठीवर लादला जाई व सातपुडा ओलांडून, शेकडो कोसांची मजल मारीत, गंगाकाठच्या मिर्झापुरास जाई. वाटेत पावसाने भिजे, धुळीने माखे, आणि तेथून पुढे नावेने कलकत्त्याकडे रवाना होई. लादणीच्या बैलाची निगा ही केवळ जनावराची निगा होती. त्याची पाठ सोलली आहे काय, खूर फाटला आहे काय, एवढे पाहिले की तांडा उठे. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, हिंगणघाटच्या बाजाराचे नाव विलायतेपर्यंत गेले, मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कापूस खात्याचे आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांच्यासारखे अंमलदार त्या बाजारावर लक्ष ठेवू लागले, आणि वंजाऱ्याच्या बैलाची जागा चाकाने घेतली. रेल्वे आली म्हणजे बैलगाडी मागे पडली, असा तर्क कोणी करील तर तो फसेल. आगगाडी केवळ स्टेशनापर्यंत येते; स्टेशनापर्यंतचा माल आणावयाचा तो गाडीनेच. त्यामुळे वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, सिंदी, देवळी आणि आर्वी येथील जिनांच्या आवारांत कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत गाड्यांची जी रीघ लागू लागली, ती रेल्वेच्या आगमनानंतर वाढतच गेली.

ओझ्याची ती बंडी. माणसांनी बसून जावयाची ती रेंगी किंवा छत घातलेली दमणी. आणि शंकरपटात धावतो तो हलका छकडा. प्रकार कोणताही असो, त्याचा प्राण चाकात. चाकाच्या मध्यभागी बाभळीचा तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे, आणि त्या साऱ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. गाडीच्या लाकूडकामात तिवसाच्या चिवट लाकडाला फार मान असे. हे चाक गावचा वाढई घडवी आणि धाव लोहार, म्हणजे इकडच्या बोलीतला खाती, चढवी. शेणाच्या गोवऱ्यांचा गोल आळा रचून त्यात धाव लाल होईतो तापवावयाची, चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवावयाची, घणाच्या ठोक्यांनी जागेवर आणावयाची, आणि लाकूड पेट घेण्यापूर्वी तिजवर घागरी रित्या करावयाच्या, म्हणजे लोखंड आकुंचन पावून साऱ्या सांध्यांना असे जखडून टाकते की खिळ्याचीही गरज पडू नये. वाढई आणि खाती यांना त्याबद्दल सुगीवर धान्य मिळे. मालगुजाराची बंडी असो की कुणब्याची, हा हिशेब सर्वांना एकच होता.

मात्र चाक घडवून दिले की कारागिराची जबाबदारी संपे आणि गाडीवानाची सुरू होई. वैशाखात, जेव्हा वर्ध्याच्या हवेतील पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि काळ्या जमिनीला हातभर भेगा पडतात, तेव्हा चाकाचे लाकूडही वाळून आक्रसते, धाव सैल होते आणि चालत्या गाडीतून ती निसटून शेजारच्या शेतात घरंगळत जाण्याची धास्ती निर्माण होते. त्यावरचा उपाय प्रत्येक गाडीवानाला ठाऊक असे: मुक्कामाच्या जागी धाम, बोर, यशोदा किंवा वेणा यांपैकी जी नदी असेल तिच्या उथळ पाण्यात गाडी उभी करावी, आणि सकाळपर्यंत लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसू द्यावी. आसाच्या टोकाची खीळ, म्हणजे कुणी, झिजली की नाही हे बोटाने चाचपून पाहावयाचे. कारण कुणी गळाली की चाक निघते, चाक निघाले की ओझे एका अंगास कलते, आणि तशा कलंडत्या गाडीखाली माणूस किंवा बैल सापडला तर त्याचा बचाव कठीणच. वंगणाचे नळकांडे गाडीच्या बुडाशी लटकलेले असे. त्यात तेल आणि तेलात भिजवलेली चिंधी. कुणी काढून चाक चार बोटे बाहेर ओढावयाचे, आसावर ती चिंधी फिरवावयाची, आणि चाक पुन्हा आत ढकलून कुणी ठोकून बसवावयाची. एवढ्या कामाला चिलीम ओढण्याइतकाही वेळ लागत नसे. कोरडा आस करकरतो, आणि तो आवाज ऐकूनही जो वंगण घालीत नाही त्याला आपल्या बैलांची दया नाही, असा त्या लोकांचा रोखठोक निवाडा होता.

कापसाच्या गाड्या पुष्कळदा रात्री निघत, कारण रात्री बैलाला ऊन बाधत नाही आणि पहाटे जिनावर पहिला नंबर लागतो. अशा वेळी पुढच्या गाडीचे बैल वाट धरून चालत आणि मागच्या गाड्यांचे गाडीवान बेलाशक झोपी जात. म्हणून गाडीखाली टांगलेला कंदील हा त्या तांड्याचा दिवा, निशाणी आणि संरक्षक, असा तिहेरी कामाचा होता. त्याची काच पुसणे व वात कातरणे हे सायंकाळचे नित्यकर्म. पक्क्या सडका झाल्यावर बैलांच्या खुरांना नाल ठोकण्याची निकड वाढली आणि बाजाराच्या दिवशी नालबंदाभोवती गर्दी दिसू लागली. ओझ्याने बैलाच्या मानेवर गाठ आली आहे काय हे जू काढल्याबरोबर पाहावयाचे, ही तर अगदी प्राथमिक गोष्ट. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळून शेकण्याची जी चाल विदर्भात सर्वत्र आहे, ती भक्तिभावाने केली जात असली तरी तिच्या मुळाशी वाहनाची वार्षिक तपासणीच आहे, असे मला वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, ज्यात मुले लाकडाचे चाकवाले बैल ओढीत नेतात आणि ज्यासाठी सिंदी रेल्वे हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे, तो पाहिला म्हणजे पुढच्या पिढीला बैल आणि चाक यांची ओळख किती लवकर करून दिली जाई हे ध्यानात येते.

या शतकानुशतकांच्या सवयीकडे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने पाहणारी माणसे वर्ध्यातच यावीत, हा योगायोग मोठा लक्षणीय आहे. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचे बिऱ्हाड पडले, आणि लंडनमध्ये हिशेबतपासनीसाची विद्या शिकलेले तंजावरचे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा त्याचा कारभार पाहू लागले. कुमारप्पांचे बैलगाडीविषयीचे म्हणणे तत्कालीन सुधारकांना विक्षिप्त वाटले, आजही अनेकांना वाटते. खडीच्या व डांबराच्या सडका मोटारवाल्यांसाठी होतात, त्यांचा खर्च खेडुताच्या सारापट्टीतून भागतो, आणि त्या कठीण पृष्ठभागावर खूर मात्र खेडुताच्या बैलाचे झिजतात, असे ते हिशेब मांडून दाखवीत. गाडीला रबरी हवेचे टायर बसविण्याची टूम निघाली तेव्हा तिलाही त्यांनी विरोध केला; कारण धाव गावचा लोहार चढवितो, टायर मात्र कारखान्यातून येतो, आणि तो फाटला की गाडीवान शहराचा मिंधा होतो. ओझे ओढण्याच्या दृष्टीने पाहता टायरची गाडी बैलाला खचित हलकी जाते, आणि कुमारप्पांचा तो विरोध काळाच्या ओघात टिकला नाही. आज जिल्ह्यात ज्या काही गाड्या उरल्या आहेत त्यांतील पुष्कळशा टायरवरच धावतात. तथापि त्यांच्या युक्तिवादातील एक भाग मला अजूनही अकाट्य वाटतो. ज्या यंत्राची निगा त्याच्या धन्याला समजत नाही, ते यंत्र धन्याच्या मालकीचे केवळ दस्तऐवजापुरते असते.

ही दृष्टी कुमारप्पांची एकट्याची नव्हती. 1929 मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, त्याच्या अटी वाचण्याजोग्या आहेत. चरख्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, वेळच्या वेळी निगा राखल्यास तो वीस वर्षे न थांबता चालावा, आणि झिजलेल्या भागांच्या बदलीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये. यंत्र किती सूत काढते याइतकेच महत्त्व ते कसे राखले जाईल याला देणारी ही अटींची यादी, एखाद्या मोटार कंपनीच्या दिवाणखान्यात टांगून ठेवावी इतकी मोलाची आहे. 1938 च्या 30 डिसेंबरला गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांची जी साधने मांडली गेली, तीही खेड्यातील कारागिराच्या हाताला झेपणारी अशीच निवडलेली होती.

1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास गेले. वर्ध्यापासून अंतर अवघे पाच मैलांचे, परंतु पावसाळ्यात ती काळी माती चाकाला अशी चिकटे की आऱ्यांमधली पोकळीसुद्धा भरून जाई आणि गाडीवानाला पावलोपावली उतरून काठीने चिखल खरडावा लागे. याच वाटेसाठी जमनालालजींच्या एका जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन उतरवून तिला बैल जुंपण्यात आले, आणि आश्रमातल्या मंडळींनी त्या वाहनाचे ‘ऑक्सफर्ड’ असे नाव ठेवले, ही हकीकत वर्ध्यात चवीने सांगितली जाते. विनोद बाजूला ठेवून त्या वाहनाच्या चालकाची स्थिती पाहिली तर ती मोठी कठीण दिसते. त्याला बैलांचे खांदेही पाहावे लागणार आणि टायरची हवाही. विनोबांनी या दोन्ही उपाधी टाळल्या. 1951 साली हैदराबादनजीकच्या शिवरामपल्लीस संमेलनाला जावयाचे ठरले तेव्हा ते सरळ पायीच निघाले, आणि निघण्यापूर्वी पाहावयाचे ते फक्त पायतण. सर्वांनाच ते साधणारे नव्हे.

मोटार या जिल्ह्यात प्रथम आली ती श्रीमंत कापूसवाल्यांकडे व साहेबांकडे. 1914 च्या मोटारविषयक कायद्याने परवाना व नोंदणी आली, 1939 च्या कायद्याने तर वाहन सदैव चालकाच्या परिणामकारक ताब्यात राहील अशा रीतीने बांधलेले व राखलेले असले पाहिजे, असा स्पष्ट दंडक घातला. पुलगाव ते आर्वी नॅरोगेज आगगाडी 1917 पासून धावत होतीच. जेथे रूळ नव्हते तेथे खासगी सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या. त्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर ही जोडी म्हणजे जुन्या गाडीवानाचाच नवा अवतार होता. अनेक ड्रायव्हर क्लीनरपासून चढलेले. कपडा मारणे, पाणी भरणे, नट आवळणे, अशी वर्षानुवर्षे उमेदवारी केल्यावर एखाद्या निर्जन रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती सुकाणूचक्र देई. म्हणजे राखणी आधी व हाकणी नंतर, हा शिक्षणाचा क्रम होता. आज तो नेमका उलटला आहे, आणि मोटार शिकविणाऱ्या वर्गांतून परवाना घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला बॉनेटची कळ कोठे असते हे ठाऊक असेलच अशी खात्री देता येत नाही.

त्या काळी सकाळी गाडी सुरू करणे हेच एक कौशल्य होते. पुढून हँडल घालून इंजिन फिरवावे लागे, आणि ठिणगी अवेळी पडली तर हँडल उलट फिरून मनगट मोडी. म्हणून अंगठा मुठीभोवती न वळविता इतर बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, ही पहिली ताकीद. वैशाखात रेडिएटर उकळणे नित्याचे होते. गाडीच्या पुढच्या पट्टीला पाण्याची कॅनव्हासची छागल टांगलेली असे, आणि झाकणातून वाफ येऊ लागली की गाडी सावलीत उभी करून, इंजिन बंद करून, धीर धरावयाचा. झाकण तत्काळ उघडले तर दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उसळते, हे एखाद्या भाजलेल्या क्लीनरच्या चेहऱ्याकडे पाहून बाकीचे शिकत. चाकाची हवा मोजण्याचे यंत्र क्वचितच जवळ असे. त्याऐवजी क्लीनर प्रत्येक थांब्यावर उतरून टायरवर लोखंडी पहार आपटी, आणि भरल्या टायरचा टणत्कार व खाली गेलेल्या टायरचा मठ्ठ आवाज यांतील भेद कानाने ओळखी. मागच्या जोडचाकांत आतला टायर बसला तरी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ही श्रवणपरीक्षा खरोखरच उपयोगाची होती. ट्रकवाले ती आजही करतात.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा सर्व्हिस मोटारींच्या पाठीशी कोळशाच्या भट्ट्या बसल्या. अपुऱ्या हवेत कोळसा जाळून निर्माण होणारा वायू नळीवाटे इंजिनात न्यावयाचा, ही ती युक्ती. या भट्टीने मोटार चालू राहिली खरी, पण चालकाचे काम दुणावले: पहाटे राख काढावयाची, गाळणी झटकावयाची, कोळसा चाळून भरावयाचा, पंखा फिरवून भट्टी पेटवावयाची, आणि सांधे गळत नाहीत ना हे पाहावयाचे, कारण त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो व तो बंद जागेत साचला तर वास न येता माणूस मारतो. गाळणी तुंबली की चढावर गाडी हटकून थांबे, आणि मग प्रवाशांनी उतरून ती ढकलावयाची, हा प्रवासाचाच भाग मानला जाई. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भातील सरकारी बससेवा मुंबई राज्याच्या व पुढे महाराष्ट्राच्या एस. टी. त सामील झाली. मग आगार आले, आगारात मेकॅनिक आला, आणि बसपुरते तरी राखणीचे काम चालकाच्या हातून रीतसर निघून खात्याकडे गेले. दसऱ्याला मात्र आगारातील गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून, चालकच त्यांची पूजा करतात.

स्वतः राखण्याची सवय खासगी माणसांत आणखी काही दशके टिकली, आणि त्याला एक वर्धेकरी कारण आहे. जमनालालजी ज्या घराण्यात दत्तक आले त्या बच्छराज शेठजींच्या नावाने 1945 मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याचेच पुढे बजाज ऑटो झाले. ज्यांच्या घरी हँडलची मोटार आली नाही अशा हजारो मास्तर, कारकून व दुकानदारांना त्या कंपनीच्या स्कूटरने वाहनाचे धनी केले. ती स्कूटर न सुरू होण्याबद्दल प्रसिद्ध होती, आणि तिचा उपायही सर्वांना मुखोद्गत होता: एका अंगाला कलती करावी, प्लग काढून पॉलिश कागदाने घासावा, त्यावरची काजळी पुसावी, पुन्हा बसवावा व किक मारावी. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळावयाचे, ब्रेकची तार किती आवळावयाची, मागे बांधलेली स्टेपनी कशी काढावयाची, हे घरातल्या मुलालाही येत असे. ॲम्बेसेडर व फियाटचे धनी रविवारी सकाळी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतीत असत. 1983 च्या डिसेंबरात मारुती आली आणि तिच्यामागोमाग, वर्षातून दोनदा गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन सोडावी व चकचकीत करून परत आणावी, हा नवा रिवाज आला. इंजिनांवर पुढे संगणक बसले, प्लग झाकणाखाली गेले, आणि धन्याला वाटू लागले की आता आपण पाहण्याजोगे काही उरलेच नाही. हा ग्रह चुकीचा आहे. इंजिनाची दुरुस्ती हातातून गेली हे खरे, परंतु ज्या गोष्टींनी माणसाचा जीव वाचतो वा जातो, ती हवा, ते तेल, ते ब्रेक, ते दिवे, अद्याप उघड्यावरच आहेत.

कायद्याकडे पाहावे तर तोही खासगी धन्यावर मोठा विश्वास टाकून बसला आहे. भाड्याच्या वाहनाला योग्यतेचा दाखला ठरावीक मुदतीने घ्यावा लागतो; खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदा झाली की पंधरा वर्षे चालते, आणि त्या अवधीत धुराची तपासणी वगळता तिचे टायर, ब्रेक वा दिवे सरकार दरबारी कोणी पाहत नाही. म्हणजे पंधरा वर्षे त्या गाडीचा तपासनीस तिचा धनीच. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरवरील नक्षीची खोली दुचाकी-तिचाकीस 0.8 आणि इतर वाहनांस 1.6 मिलिमीटरहून कमी नसावी असे सांगितले आहे. ही मर्यादा दाखविणाऱ्या रबरी गाठी टायरच्या खाचांतच ओतलेल्या असतात, आणि नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा झाला असे समजावे. पाहावयाला दिव्याचीही गरज नाही.

या सर्व वृत्तांताला गेल्या काही वर्षांत एक नवीनच तीव्रता आली आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा 520 किलोमीटरांचा पहिला टप्पा खुला झाला, आणि येळाकेळी किंवा विरुळ येथून त्यावर चढणाऱ्या वर्धेकरास ताशी 120 किलोमीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळाली. ज्या मोटारीने आजवर वर्धा-आर्वी रस्त्यावर खड्डे चुकवीत चाळिशी-पन्नाशी गाठली नव्हती, ती मोटार, त्याच टायरांनिशी, तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास न थांबता धावू लागली. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो व सुटतो. त्या दबण्या-सुटण्याने रबर आतून तापते. आधीच उन्हाने तापलेल्या रस्त्यावर ती उष्णता निघून जाण्यास वाव नसतो, आणि अखेर थर सुटून टायर फाटतो. 2023 मध्ये परिवहन खात्याने महामार्गाच्या तोंडाशी टायरांची तपासणी सुरू केली व झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविल्या, तेव्हा पुष्कळ गृहस्थांना आपला अपमान झाल्यासारखे वाटले. दसऱ्याला टायरखाली लिंबू ठेवणारे आपण लोक, टायरकडे मात्र वाकून पाहत नाही, हे त्या तपासनीसाने दाखवून दिले इतकेच.

ट्यूबलेस टायरने या निष्काळजीपणात भरच घातली आहे. जुना टायर पंक्चर झाला की बसे आणि गाडी जागची हलत नसे. ट्यूबलेसमध्ये खिळा आठवडेच्या आठवडे रुतून राहतो, हवा कणाकणाने निघत असते, आणि गाडी चालतच राहते. डोळ्यांनी हवेचा अंदाज घेणेही आता निरुपयोगी, कारण नव्या टायरांची कड बसकी दिसते व कमी हवेतही फारशी निराळी वाटत नाही. पहारीचा टणत्कारही लहान मोटारीच्या टायरवर नीट उमटत नाही. तेव्हा मोजमापाला पर्याय नाही, आणि खिशात मावणारे हवेचे मापक बाजारात अल्प किमतीत मिळते.

वाचकांस विनंती एवढीच की, लांब निघावयाचे असेल तेव्हा पहाटे, गाडी घरून हलण्यापूर्वी, टायर थंड असतानाच हवा मोजावी, कारण तापमान दहा अंश फॅरनहाइटने वाढले की हवा सुमारे एका पौंडाने चढते व पंपापर्यंत गेलेल्या टायरचे माप खोटे येते. दाब किती असावा हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीत लिहिलेले असते, टायरच्या कडेवर कोरलेला आकडा तो नव्हे. गाडी सपाटीवर असताना, इंजिन थंड असताना, तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा बुडवून काढावी व तेल दोन खुणांच्या मध्ये आहे हे पाहावे. ब्रेक ऑइल व कूलंटच्या पारदर्शक बाटल्यांवरही अशाच दोन खुणा असतात, आणि ब्रेक ऑइल खाली गेलेले दिसले तर नुसते वरून न भरता गाडी कारागिराला दाखवावी. मागचे दिवे पाहण्यास दुसरा माणूस नसेल तर भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करावी, म्हणजे उजेड भिंतीवर उमटतो. वायपरचे रबर कडक झाले असेल तर मृगापूर्वी बदलावे. या साऱ्यास पंधरा मिनिटे पुरतात. स्टेपनीची हवा पाहण्यास मात्र विसरू नये. पुष्कळांची स्टेपनी गाडी विकत घेतल्यापासून भरलेली नसते.